मागच्या चाकाचं तेल

आमच्या घराला अंगण असं नव्हतं. जी मोकळी जागा होती ती पिकअपची. चाकूरच्या बाहेर, लातूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या तीन खोल्या, पुढ्यात एक कडुलिंब आणि लिंबाखाली दादांची निळी पिकअप. वडलांना मी दादा म्हणायची आणि आईला माय. मी त्यांची एकुलती एक मुलगी, सुमन. बारावी पास होऊन घरी बसले होते आणि पुढं लातूरला कॉलेजात जायचं की बघायला येणाऱ्या पाहुण्यांपुढं पोह्यांची ताटली धरायची, याचा निकाल काही लागला नव्हता. दादा पिकअप चालवत आणि माय बायांची टोळी चालवत असे. खुरपणीला, काढणीला, तुरीच्या शेंगा तोडायला आसपासच्या गावांतून बाया लागत, त्या जमवायच्या, शेतमालकाशी बोलायचं आणि दिवसभर त्यांच्यासोबत स्वतःही वाकून काम करायचं, हे मायचं काम. बाया पिकअपमध्ये मागं उभ्या राहत. अठरा-वीस बाया, त्यांची खुरपी, पाण्याच्या कळशा आणि भाकरीची फडकी. अहमदपूरच्या बाजूला जायचं, कधी पार देवणीकडं. आमच्या घरचं सगळं त्या गाडीच्या चार चाकांवर होतं म्हटलं तरी चालेल.

सकाळ उजाडायची ती मायच्या भाकरी थापण्याच्या आवाजानं. मग स्टोव्हचा सूं सूं, मग दादा गाडीच्या चारी टायरांवर लाकडाच्या ठोकळ्यानं एकेक टोला घालायचे तो आवाज. हवा कमी असली की टोल्याचा आवाज बसका येतो, असं ते सांगत. तोवर बाया येऊन लिंबाखाली बसलेल्या असत. कुणाच्या बांगड्या, कुणाचं खोकणं, कुणाचं लेकराला दिलेलं बोलणं. माय त्यांच्यापुढं सुशिल्याचं पातेलं ठेवायची. मुरमुरे भिजवून, वर शेंगदाण्याचं कूट आणि हिरवी मिरची घालून परतलेलं ते सुशीला बाया पळसाच्या पानावर घेत. दुपारसाठी फडक्यात भाकरी आणि डब्यात उडदाचं घुटं. आता माझ्या घरी गॅस आहे, मिक्सर आहे, सूनबाई हौसेनं काय काय करते. पण घुटं मात्र मी तिला करू देत नाही. ते रवीनं घोटायचं असतं आणि घोटताना कुणाशी बोलायचं नसतं, असं माझ्या डोक्यात बसलं आहे, कारण माय घोटताना कधी बोलत नसे.

गाडीत बसली की मात्र ती बोलायला लागे. दादांच्या शेजारच्या सीटवर ती बसायची आणि तिचं तोंड थांबत नसे. “म्होरं सायकलवाला हाय. त्या म्हशी बघा, रस्त्यावर यायल्यात. उजव्या अंगाला खड्डा. समोरून यष्टी यायलीय.” मागं बाया हसायच्या. जनाबाई नावाची एक बाई होती, टोळीत वयानं सगळ्यात मोठी आणि तोंडानं सगळ्यात फटकळ. ती म्हणायची, “गणपतभाऊ नुसतं चाक धरतेत, गाडी मुक्ताच चालवती.” मला मायची लाज वाटायची. दादांसारखा जुना ड्रायव्हर, आणि त्यांना ही बाई शिकवते. एकदा मी तसं म्हटलंही. माय माझ्याकडं एकदा बघून चुलीकडं वळली.

त्या वर्षी सोयाबीन काढणीला आलं तेव्हा गाडीच्या मागच्या उजव्या चाकातून तेल गळायला लागलं. आधी वास आला. क्राऊनच्या, म्हणजे मागची चाकं फिरवणाऱ्या दातेरी चक्राच्या, तेलाला एक कुबट, गंधकासारखा वास असतो, जो एकदा नाकात बसला की जेवताना पण येतो. मग चाकाच्या आतल्या बाजूनं काळे ओघळ दिसले. दादांनी चाक खोललं, ऑइल सील बदललं आणि चाक बसवलं. सील म्हणजे रबराची एक कडी. चाकापर्यंत येणारा लोखंडी दांडा, ज्याला एक्सल म्हणतात, तो तिच्यातून फिरतो आणि आतलं तेल ती बाहेर येऊ देत नाही. इवलीशी वस्तू, बांगडीएवढी. आठ दिवसांत तेल पुन्हा गळायला लागलं. दादा चिडून लातूरला गेले आणि ज्या दुकानातून सील घेतलं होतं तिथं चार गिऱ्हाइकांपुढं दुकानदाराला डुप्लिकेट माल विकतोस म्हणाले. तो बिचारा शांत माणूस. त्यानं दुसरं सील हातावर ठेवलं. तेही गळलं.

गळणारं तेल नुसतं खाली सांडलं असतं तर एवढं काही नव्हतं. पण ते चाकाच्या आत ब्रेकच्या लायनरवर, म्हणजे घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्यांवर, जातं. पुढं मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, आणि घर्षणाचा धडा आला की मी पोरांना हेच सांगायची. तीन चाकांचे ब्रेक धरतात, चौथ्याचा तेलानं बुळबुळीत झालेला ब्रेक धरत नाही. मग गाडी सरळ थांबत नाही, एका अंगाला ओढते.

तशी ती ओढली. सोयाबीनच्या एका रानाकडं जाताना उतार लागतो आणि उताराच्या तळाशी वळण. मी त्या दिवशी बायांबरोबर मागं होते. माय म्हणाली, “बैलगाडी हाय, दाबा,” आणि दादांनी ब्रेक दाबला. गाडी एकदम डावीकडं खेचली गेली. आम्ही सगळ्या एकमेकींवर पडलो. डाव्या बाजूची दोन्ही चाकं रस्ता सोडून खाली उतरली आणि गाडी तुरीच्या रानात शिरून तिरपी उभी राहिली. कुणाला लागलं नाही. एका बाईची कळशी चेपली, भाकरीची फडकी मातीत पडली. जनाबाई हळूच खाली उतरली, तिनं आपलं खुरपं शोधून काढलं, पदर नीट केला आणि म्हणाली, “म्या चालत जाते. माझी नातवंडं लहान हायेत अजून.” तिच्यामागं आणखी दोघी निघाल्या. दादा स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत बसले होते. मी त्यांच्या खिडकीशी गेले. समोर तुरीची झाडं होती, आणि ते तुरीच्या झाडांकडं बघत नव्हते, कशाकडंच बघत नव्हते.

दुसऱ्या दिवशी मायनं बायांसाठी दुसऱ्याचा टेम्पो ठरवला. निघताना ती दादांना म्हणाली, “आज सील टाका. आन् सुमी तुमच्यासंगं ऱ्हाईल.”

“तिला काय कळतंय त्यातलं?”

“न्हाई कळलं तर कळंल. ऱ्हाऊ द्या तिला.”

मला वाटलं, चहापाणी करायला ठेवतेय. मी पाटी-पुस्तकातली मुलगी. गाडी मी रानातल्या वाटेवर हौसेनं दोनचारदा चालवली होती, पण पाना कधी हातात धरला नव्हता.

दादांनी पुढच्या चाकांना दगड लावले. मागं जॅक चढवला, आणि गाडी उचलली गेल्यावर लाकडाचा मोठा ठोकळा आधाराला सरकवला. “जॅकवर इस्वास ठिवायचा न्हाई,” ते म्हणाले. चाक निघालं, मग लोखंडी ड्रम. आत बघितलं तर लायनर तेलानं काळे आणि चकचकीत. दादांनी आतल्या प्लेटचे चार नट खोलले, ड्रम उलटा लावून त्याला धरून दोनचार हिसके दिले, तसा तो लांब दांडा कुरकुरत हाऊसिंगमधून, म्हणजे त्याच्या लोखंडी नळीतून, बाहेर आला. दादांचे हात एवढे सरावलेले होते की बघत राहावं. नट किती आटे फिरवायचा, तो कुठं ठेवायचा, पाना न बघता कसा उचलायचा. न बघताच. मला ते कौतुकाचं वाटत होतं.

त्यांनी जुनं सील उचकटून काढलं आणि दांडा रॉकेलनं धुवायला माझ्याकडं दिला. मी चिंध्या घेऊन लिंबाबाहेर उन्हात बसले आणि पुसत राहिले. दांड्याच्या एका जागी आरशासारखा उजळ पट्टा होता. सीलचं रबर तिथंच फिरत असणार, हे मला न सांगता कळलं. आणि त्या उजळ पट्ट्यावर, बरोबर मध्यात, गोल फिरलेली एक चर होती. जणू कुणी तार आवळून ठेवली होती आणि तिचा वळ उठला होता. एका ठिकाणी तिच्या काठाला बारीक धारही आली होती. मी नख फिरवलं तर नख अडकलं.

“दादा, इथं चर पडलीय.”

“न्हाई, म्या हात फिरवून बघितलोय दोन्ही येळंला. गुळगुळीत हाय.”

“नख अडकतंय. ही बघा ना.”

त्यांनी दांडा घेतला. उन्हाकडं धरला आणि डोळे बारीक केले. मग लिंबाच्या सावलीत गेले, मान तिरकी केली, दांडा आधी लांब धरला, मग अगदी नाकाजवळ आणला. “हाव,” ते म्हणाले, “हाय बारीकशी.”

कशानं कोण जाणे, मी म्हणाले, “कुठं हाय? बोट ठिवा तिच्यावर.”

दादांनी बोट ठेवलं. ते त्या चरीपासून चांगलं वीतभर लांब होतं, पार बेरिंगच्या पलीकडं.

रस्त्यावरून एक ट्रक गेला, त्याचा आवाज लांब जाऊन विरेपर्यंत दादा बोट तसंच ठेवून उभे होते. मग त्यांनी माझ्या गप्प बसण्यातून ओळखलं. दांडा खाली पोत्यावर ठेवला आणि त्याच्या शेजारी स्वतः बसले.

“चुकलं का?”

“हाव.”

“लई चुकलं?”

मी मान हलवली आणि लगेच लक्षात आलं की मान हलवलेली त्यांना दिसली नसेल. मला त्या क्षणी रडू आलं, पण ते आवाजात येऊ नये म्हणून मी चिंधीनं उगीच पाना पुसत बसले. “कधीपासनं दादा?”

“दोन वर्सं झाली असतील. आधी येका डोळ्याला. डोळ्याम्होरं साय आल्यावानी. उन्हात तर पांढरं पांढरं होतंय नुसतं. सावलीत बरं असतंय.”

“दवाखान्यात कामून गेला न्हाईत?”

त्यांनी लिंबाच्या बुंध्याकडं तोंड फिरवलं. मग त्यांनी सांगितलं. भोकरला त्यांचे थोरले भाऊ राहत, ज्यांना मी मोठे बाबा म्हणायची. मोठ्या बाबांची नजर मी लहान असतानाच गेली होती, काचबिंदूनं. त्यांना नांदेडला दवाखान्यात नेलं तेव्हा दादाच सोबत होते. डॉक्टर म्हणाले होते, गेलेली नजर आता परत येणार नाही. आणि हेही म्हणाले होते की हा आजार घराण्यात असू शकतो, तेव्हा भावंडांनीही डोळे तपासून घ्यावेत. “तवा मला चांगलं दिसत हुतं,” दादा म्हणाले. “म्हणून न्हाई दाखवलो. आन् दिसंना झालं तवा भ्यालो, म्हणून न्हाई दाखवलो. तिथं जायचं आन् त्यो डॉक्टर तेच म्हणायचा. त्यापरीस हाय तेवढं दिसू द्यावं.”

“आणि मागं अठरा बाया असायच्या,” मी म्हणाले. ते मला म्हणायचं नव्हतं, पण म्हटलं गेलं. वडलांना मी इतकं टोचून आयुष्यात दुसऱ्यांदा कधी बोलले नाही.

“हाव,” दादा म्हणाले. “मुक्ताला सांगू नगस.”

मी नवं सील उचललं आणि म्हणाले, “आधी हे बसवू. तुम्ही सांगा, मी करते.”

ती दुपार मला आजही हाताच्या तळव्यांत आठवते. दादा पोत्यावर बसून सांगत होते आणि मी करत होते. बारीक पॉलिश पेपरनं चरीच्या काठावरची धार आधी घासून काढली. दोन्ही सीलं त्या धारेनंच कापली होती. दुकानदाराचा काडीचाही दोष नव्हता. चर काही पेपरनं जाणार नव्हती. मी म्हटलं, आता नवीन दांडा आणावा लागंल. दादा म्हणाले, “न्हाई. सील पार तळापातूर ठोकू नको. येक सूतभर अलीकडं बसव. म्हंजे त्याचा ओठ, ही आतली कड, चरीवर न्हाई येणार, कोऱ्या जागी येईल.” एवढं बोलताना त्यांचा आवाज पहिल्यासारखा झाला. मी हाऊसिंगचं तोंड पुसलं, सीलच्या ओठाला बोटानं ग्रीस लावलं, सीलमधल्या बारीक स्प्रिंगची बाजू आत आहे ना हे त्यांना बोट लावून तपासायला दिलं. ते त्यांच्या बोटांना पक्कं कळत होतं. मग सीलवर लाकडाचा गोल ठोकळा धरून हातोडीनं चारी बाजूंनी सारख्या टिचक्या मारत ते बसवलं. “वाकडं जायलंय का?” ते दर टिचकीला विचारत. “न्हाई, सरळ हाय,” मी सांगायची. ते कान देऊन ठोकणं ऐकत होते आणि शेवटी म्हणाले, “बास, बसलं,” आणि मी वाकून बघितलं तर खरोखरच सूतभर अलीकडं बसलं होतं.

सगळ्यात अवघड होतं दांडा आत घालणं. त्याचं दातेरी टोक सीलच्या ओठावर टेकलं तर नवीन रबरही फाटणार. दांडा जड. दादांनी मागचं टोक तोललं आणि मी पुढचं टोक दोन्ही हातांनी उचलून धरलं. “निजलेलं लेकरू पाळण्यात ठिवायलीस असं समज,” ते म्हणाले. दांडा इंचाइंचानं आत गेला. आतल्या खाचांत दाते बसले तेव्हा एक खट्ट आवाज झाला आणि आम्ही दोघांनी एकदमच श्वास सोडला. मग चार नट, नवीन लायनर, रॉकेलनं धुतलेला ड्रम, चाक. वरून क्राऊनचं तेल भरलं, भोकातून ओघळायला लागेपर्यंत. माझे हात कोपरापर्यंत काळे झाले होते, आणि त्या कुबट वासाची मला एकदाही किळस आली नाही.

माय परत आली तेव्हा दिवस अजून वर होता. तिनं डोक्यावरचं फडकं उतरवलं, चाकाकडं बघितलं, माझ्या हातांकडं बघितलं. मी दादांची परवानगी न घेताच म्हणाले, “माय, दादांना दिसत न्हाई.”

“म्हाईत हाय,” ती म्हणाली.

दादांनी मान वर केली. माय चुलीशी जाऊन तांब्याभर पाणी प्यायली आणि उंबऱ्यावर येऊन बसली. “दोन वर्सं सायकली आन् म्हशी मोजायलेय,” ती म्हणाली, “आन् म्हणं म्हाईत न्हाई. दोनदा दवाखान्याचं नाव काढलं तर जेवणावरून उठून गेलात. मी तरी का करू? मला सांगता येईना आन् गाडीतून उतरता बी येईना. मी उतरले तर तुमाला म्होरचं सांगणार कोण?” मग माझ्याकडं वळून म्हणाली, “मला त्या दांड्या-बिंड्यातलं कळत न्हाई. पर सील दोनदा गळलं तवा मी म्हणलं, ह्यात कायतरी बघायचं ऱ्हायलंय. तुझे डोळे नवे हायेत. तुला दिसंल, आन् तुझ्याम्होरं त्यांना लपवता येणार न्हाई.”

दादा उठून पिकअपच्या पलीकडं गेले. ते रडत होते की नाही मला माहीत नाही. आम्ही दोघी तिकडं गेलो नाही. थोड्या वेळानं ते परत आले आणि त्यांनी चावी माझ्या हातात ठेवली. “ब्रेक बघून घे,” एवढंच म्हणाले.

रानातल्या वाटेला, जिथं दुसरं कुणी नव्हतं, तिथं एक साधा उतार होता. मी चालवत होते, दादा शेजारी आणि माय मागं एकटी, हौद्यातली दांडी धरून. उताराच्या मध्यावर दादा म्हणाले, “दाब आता. जोरात.” मी दाबला. गाडी नाकासमोर सरळ थांबली. ना डावीकडं ओढली ना उजवीकडं. मागून माय म्हणाली, “झालं का?” ती अजून हिसका बसायची वाट बघत होती. आम्ही तो उतार पाचदा केला. घरी येऊन मी चाकाखाली वाकून बोट फिरवलं, कोरडं. दुसऱ्या दिवशी कोरडं. तिसऱ्या दिवशीही कोरडं बघून दादा म्हणाले, “चला नांदेडला.”

यष्टीनं गेलो. अहमदपूर, लोहा, नांदेड. मायनं धपाटे बांधून घेतले होते, शेंगाची चटणी होती, पण फडकं कुणी सोडलं नाही. दवाखान्यात दादांच्या डोळ्यांत थेंब घातले आणि डोळे मिटून बाकावर बसायला सांगितलं. दादा मिटल्या डोळ्यांनी बसले होते आणि त्यांच्या हातात मायच्या पदराचं टोक होतं. चारचौघांत त्यांनी मायचा पदर धरलेला मी पहिल्यांदाच बघत होते. मला सारखं वाटत होतं की आपण दांड्यावरची चर बघितली नसती तर बरं झालं असतं. असं वाटणं किती खोटं होतं हे मला तेव्हाही कळत होतं.

आत डॉक्टरीणबाई होत्या, तरुण, कमी बोलणाऱ्या. त्यांनी एका यंत्रावर दादांची हनुवटी टेकवली, दिवा मारला, डोळ्यांचा दाब मोजला, पुन्हा मोजला. दादांनी भावाचं सगळं सांगितलं. त्या ऐकत ऐकत कागदावर लिहीत होत्या. मग पेन ठेवून म्हणाल्या, “तुम्हाला काचबिंदू नाही. दाब बरोबर आहे, आतली नस चांगली आहे. हा मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत वाढलेला. ऑपरेशन करून काढता येतो. दर वर्षी दाब मात्र तपासायला या.”

“म्हंजे मला दिसंल?” दादा म्हणाले.

“दिसेल.”

“पहिल्यासारखं?”

“चष्मा लागेल. पण दिसेल.”

“गाडी चालवण्यापुरतं?”

त्या पहिल्यांदा हसल्या. “आधी ऑपरेशन होऊ द्या. मग मी सांगीन तेव्हा चालवा.”

बाहेर येऊन आम्ही दवाखान्याच्या पायरीवर बसलो. कुणी काही ठरवलं नव्हतं, पाय तिथंच थांबले. मायनं फडकं सोडलं आणि धपाटे वाटले. थंड, कडक झालेले धपाटे आम्ही असे खाल्ले की जणू आठ दिवस उपाशी होतो. दादा तर चटणीचं बोट चाटत होते. रिक्षावाले, पेशंट, नातेवाईक आमच्या बाजूनं जात होते आणि आम्ही पायरी अडवून खात बसलो होतो. माय मध्येच थांबली, तोंडात घास तसाच धरून तिनं डोळे पुसले आणि पुन्हा खायला लागली. मी आयुष्यात चांगलंचुंगलं पुष्कळ खाल्लं, पण सुटकेची चव म्हटली की मला ती पायरी आठवते.

एका डोळ्याचं ऑपरेशन लवकरच झालं, दुसऱ्याचं पुढं हिवाळ्यात. मधल्या काळात गाडी दुसरा ड्रायव्हर चालवायचा. मी लायसन काढलं, कॉलेजलाही नाव घातलं. जनाबाई पुन्हा गाडीत बसली, पण बसण्याआधी वाकून मागचं चाक बघायची. तिला कुणी हसलं नाही. लातूरच्या त्या दुकानात दादा मला घेऊन गेले आणि गिऱ्हाईक असतानाच म्हणाले, “माल चांगला हुता, माझी नजर खराब हुती.” दुकानदारानं त्यांना स्टूल दिलं.

पहिल्या डोळ्याला चष्मा लागला त्या दिवशी नांदेडहून दादा घराकडं वळलेच नाहीत. “भोकरला जायचंय,” म्हणाले. मोठ्या बाबांना ते दोन वर्षांत भेटले नव्हते. पूर्वी दर दिवाळीला जायचे. का जात नव्हते ते आता मला ठाऊक होतं.

मोठे बाबा दारातल्या बाजेवर बसले होते. आम्ही फाटकातून आत आलो आणि काही बोलायच्या आत ते म्हणाले, “गणपत का?”

“हाव भाऊ.”

“डोळे दाखवलास?”

दादा थबकले. त्यांनी कुणालाच कळवलं नव्हतं. “दाखवलो. मोतीबिंदू निघाला. काढला येका डोळ्याचा.”

“माझंवालं न्हाई ना?”

“न्हाई भाऊ. दाब मोजला. त्ये न्हाई.”

मोठ्या बाबांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि मान खाली घातली. मग म्हणाले, “तू यायचा बंद झालास तवाच समजलो हुतो. भ्यालाय म्हणलं. सांगावा धाडावा तर का म्हणून धाडायचा? दोन वर्सं रोज वाटायलं, माझ्यावानी त्यो बी घरात बसंल.” त्यांनी हात पुढं करून दादांचा चष्मा चाचपला, काडीवरून बोट फिरवलं आणि बाजेवर सरकून त्यांना शेजारी जागा दिली. “मंग आता बघून सांग मला. मी कसा दिसायलो? घरचे समदे म्हणतेत चांगले दिसता. खरं कुणी सांगत न्हाई.”

दादांनी भावाकडं बघितलं. सावकाश, केसांपासून पायांपर्यंत. “क्येस पार पिकल्यात,” ते म्हणाले. “दाढी वाढलीय. आन् सदऱ्याची बटनं येक घर खाली लागल्यात.”

“मंग नीट कर की.”

दादा पुढं वाकले. त्यांनी वरपासून सगळी बटणं सोडली आणि एकेक बटण आपल्या घरात, बघून, लावत गेले.